लिनक्स कर्नलचे सुरक्षा अपडेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीतल्या लोकांचे लॅपटॉप, एका शाळेची लॅब आणि दोन छोटी ऑफिसं, एवढ्यांची उबुंटू मशीन्स मी सांभाळतो. कर्नलच्या अपडेटवरून तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली. उदाहरणं बहुतेक उबुंटूची आहेत, पण डेबियन आणि मिंटवाल्यांनाही जवळपास तशीच लागू पडतील. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.

१. कर्नल म्हणजे नक्की काय? त्याच्या अपडेटचं एवढं कौतुक कशाला?

मशीन सुरू झालं की बूटलोडरच्या (कर्नल मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम) पाठोपाठ मेमरीत येऊन बसतं ते कर्नल. सैन्यातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, पण हुकूम मात्र याचाच चालतो. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी, कुठली फाइल कोणी उघडायची, नेटवर्कवरून आलेलं पाकीट कोणाला द्यायचं, हे सगळं तेच ठरवतं. फायरफॉक्स असो की लिब्रेऑफिस, हार्डवेअरला हात लावायचा तर कर्नलला विचारूनच.

ब्राउझरमध्ये भोक सापडलं तर हल्लेखोराला ब्राउझरच्या आवाक्यातलं मिळतं. कर्नलमध्ये सापडलं तर अख्खं मशीन मिळतं, कारण परवानग्या तपासणाराच फितूर झालेला असतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागणार?

२. मी घरी एकटाच वापरतो. माझ्या मशीनवर कोण कशाला हल्ला करेल?

कर्नलमधल्या बहुतेक चुका दुरून वापरता येत नाहीत. हल्लेखोराला आधी मशीनमध्ये पाय ठेवायला जागा लागते, मग कर्नलची चूक वापरून तो साध्या युजरचा रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतो. त्यामुळे ‘मशीन मी एकटाच वापरतो’ हे अर्धंच खरं. तुम्ही उघडलेली प्रत्येक वेबसाइट, कुठून तरी उतरवलेली स्क्रिप्ट, ब्राउझरचं एखादं फुकट एक्स्टेंशन, या सगळ्यांचा कोड तुमच्याच नावाने चालत असतो. पाय ठेवायला तेवढी जागा पुरते.

डर्टी पाइप नावाच्या कर्नलमधल्या चुकीचं उदाहरण मला फार आवडतं, कारण ती चूक सापडली एका कंटाळवाण्या तक्रारीतून. मॅक्स केलरमन हे जर्मन प्रोग्रॅमर एका होस्टिंग कंपनीत काम करायचे. २०२१ मध्ये ग्राहकाची तक्रार आली की लॉगच्या जीझिप फायली उघडत नाहीत, चेकसम चुकतो. फाइल दुरुस्त करून दिली, प्रकरण मिटलं. काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्यांनी बिघडलेल्या फायली बाइट-बाइट तपासल्या, तर प्रत्येक फाइलचे शेवटचे ८ बाइट बदललेले, आणि त्यांच्या जागी झिप फाइलच्या हेडरचे बाइट! लिहायचा अधिकार नसलेल्या प्रोसेसकडून ते तिथे पोचत होते. मूळ कारण निघालं कर्नलमध्ये. पाइपचा (एका प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याकडे नेणारी नळी) एक फ्लॅग कोरा करायचा राहून गेला होता, आणि त्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेली फाइलही कोणालाही बदलता येत होती. पासवर्डची फाइलसुद्धा. कर्नल ५.८ पासून ही चूक होती आणि ७ मार्च २०२२ ला ती जाहीर झाली.

डर्टी काऊ नावाची चूक तर २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि २०१६ मध्ये उघडकीला आली. नऊ वर्षं!

दुरून वापरता येणाऱ्या चुकाही अधूनमधून निघतात. २०१९ मधली सॅक पॅनिक तशी होती: टीसीपीची खास बनवलेली पाकिटं पाठवली की समोरचा सर्व्हर बसलाच.

३. माझं कर्नल अपडेट झालंय की नाही, हे कसं बघायचं?

दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. डिस्कवर कुठलं कर्नल पडलंय ही एक, आणि आत्ता कुठलं चालू आहे ही दुसरी. निम्मे गोंधळ या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतात.

चालू कर्नल बघायला ‘यूनेम -आर’. उत्तर ६.८.०-४५-जेनेरिक अशा थाटाचं येतं. डिस्कवर काय आहे ते ‘एलएस /बूट’ ने कळतं. तिथे व्हीएमलिनझ नावाने सुरू होणाऱ्या फायली दिसतील, एकेक कर्नलची एकेक. यादीतला सगळ्यात मोठा आकडा आणि यूनेमचा आकडा सारखा असेल तर तुम्ही नव्यावर आहात. नसेल तर अपडेट नुसतं घरात येऊन पडलंय.

उबुंटूवर आणखी एक सोपी खूण आहे. ‘एलएस /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ असं टाइप करा. फाइल सापडली तर रीस्टार्ट बाकी आहे.

४. रीस्टार्ट केलंच पाहिजे का? मी रोज रात्री झाकण लावून ठेवते की.

केलंच पाहिजे. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, कर्नल मेमरीत तसंच राहतं. सकाळी झाकण उघडलं की कालचंच कर्नल जागं होतं, कालच्याच चुकांसकट.

एका ऑफिसात मी ‘अपटाइम’ टाइप केलं तर उत्तर आलं २११ दिवस. तेवढ्या काळात सहा-सात कर्नल अपडेट इमाने इतबारे उतरली होती, लागू एकही झालं नव्हतं. मालकांना आकडा दाखवला तर ते खूश होऊन म्हणाले, “यूपीएस चांगला निघाला हो आपला!” त्यांना वाईट वाटेल असं काही मी बोललो नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर रीस्टार्ट करून निघालो.

विंडोजवरून आलेल्यांसाठी जाता जाता: तिथे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल डिस्कवर साठवून ठेवलं जातं, म्हणून तिथे ‘रीस्टार्ट’च लागतो. लिनक्सवर तसं नाही. बंद करून चालू केलं तरी नवं कर्नलच येतं.

५. ऑटोमॅटिक अपडेट चालू आहेत. मग मी निर्धास्त राहू ना?

अर्धे निर्धास्त राहा. उबुंटूत अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाची सोय १६.०४ पासून आपोआप चालू असते आणि ती सुरक्षेची अपडेट तुम्हाला न विचारता टाकते. रीस्टार्ट मात्र ती स्वतःहून करत नाही, ते सेटिंग मुळात बंद असतं. ते योग्यच आहे, नाहीतर दहावीच्या निकालाच्या दिवशी भर दुपारी शाळेचं मशीन आपणहून बंद पडायचं.

सर्व्हरवर मी ते चालू करतो आणि पहाटे ३ची वेळ देतो. घरच्या लॅपटॉपला शनिवारी रात्री बंद करायची सवय लावली तरी काम भागतं.

६. बातमीत लिहिलंय की दुरुस्ती ५.१५.२५ मध्ये आहे. माझ्याकडे ५.१५.०-१०५ दिसतं. म्हणजे मी धोक्यात आहे?

बहुधा नाही. हा आकडा भल्याभल्यांना फसवतो, सुरक्षा तपासणारी महागडी स्कॅनर टूल्ससुद्धा त्यात आली.

बातमीत दिलेला आकडा मूळ कर्नलचा असतो, म्हणजे लायनस टोरवाल्ड्स आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन वगैरे मंडळी जे प्रसिद्ध करतात त्याचा. डिस्ट्रोवाले, म्हणजे उबुंटू-डेबियनसारखे लिनक्सचे तयार संच बनवणारे, ते कर्नल एकदा निवडतात आणि मग नवीन दुरुस्त्या मागे आणून त्याच जुन्या कर्नलमध्ये बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. उबुंटू २२.०४ मध्ये ५.१५ नंतरचं शून्य कधी हलतच नाही, पुढचा १०५ तेवढा वाढत जातो. रेड हॅटचं तर विचारू नका. आरएचईएल ८ शेवटपर्यंत ४.१८ असंच सांगणार, पण आत वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या भरलेल्या.

उबुंटूवर ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर’ करून बघा. ओळीच्या शेवटी मूळ कर्नलचा कुठला आकडा आत मुरलाय तो दिसतो. नेमक्या एका चुकीबद्दल खात्री हवी असेल तर तिचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या जाहीर चुकीला मिळणारा ओळख क्रमांक) घेऊन आपल्या डिस्ट्रोच्या सुरक्षा पानावर शोधा. उबुंटू आणि डेबियन दोघांचीही अशी पानं आहेत, आवृत्तीनिहाय ‘दुरुस्त’ किंवा ‘बाकी’ असं तिथे लिहिलेलं असतं. नुसते आकडे ताडून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका.

७. मग सगळ्यात नवं कर्नल मीच का टाकू नये? झंझटच नको.

झंझट तिथेच सुरू होतं. उबुंटूची जी मेनलाइन (मूळ कर्नल जसंच्या तसं असलेली) पॅकेजं मिळतात ती चाचणीसाठी असतात. त्यांच्यावर डिजिटल सही नसते, त्यामुळे सिक्युअर बूट (सही नसलेलं कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेलं मशीन ती नाकारतं. लोक मग सिक्युअर बूटच बंद करतात, म्हणजे सुरक्षेसाठी सुरक्षा काढली. वर त्या कर्नलला पुढची अपडेट आपोआप येत नाहीत. आज नवं टाकलेलं कर्नल सहा महिन्यांत जुनं होतं आणि तुम्ही टाकलंत हेही विसरता.

नव्या हार्डवेअरसाठी खरोखरच नवं कर्नल हवं असेल तर एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीत एचडब्ल्यूई कर्नलची अधिकृत सोय आहे. ते सहीचं असतं आणि त्याला सुरक्षेची अपडेट मिळतात.

८. अपडेटनंतर मशीन सुरूच होत नाही! काळा पडदा आहे. आता?

घाबरू नका, जुनं कर्नल अजून डिस्कवर आहे. नवं टाकताना उबुंटू जुनं लगेच काढत नाही, ते याच दिवसासाठी.

मशीन बंद करून चालू करा. निर्मात्याचा लोगो जाताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनच्या यूईएफआयवर एस्केप दाबा. एस्केप जरा जास्त दाबला गेला तर मेनूऐवजी नुसतं ‘ग्रब’ (उबुंटूच्या बूटलोडरचं नाव) असं लिहून येतं. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ मध्ये जा. तिथे कर्नलची यादी दिसेल. वरून दुसरं, ज्यापुढे ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेलं नाही असं, निवडा. दहातल्या नऊ वेळा डेस्कटॉप समोर येतो आणि फोनवरचा आवाज खाली येतो.

असं कधीतरी होतं, हे कबूल करायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या चुकीची घाईघाईतली दुरुस्ती उबुंटू १६.०४ वर ४.४.०-१०८ म्हणून आली आणि काही मशीन्स तिच्यावर सुरूच होईनात. लगोलग १०९ आलं. तेवढ्या वेळात ज्यांना ग्रबचा मेनू माहीत होता त्यांचं काम अडलं नाही.

जुन्यावर आलात की नव्याची दुरुस्ती येईपर्यंत तिथेच थांबा. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावून कर्नल गोठवता येतं, पण लावलंत तर कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षभर गोठलेली मशीन्स मी पाहिली आहेत, आणि होल्ड कोणी लावला ते कोणालाच आठवत नव्हतं. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ने ते दिसतं.

९. मशीन सुरू झालं, पण वायफाय किंवा एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्स बंद पडलं.

ज्या ड्रायव्हरचा कोड कर्नलच्या घरचा नाही, त्याला प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. ते काम डीकेएमएस करतं. त्याला त्या कर्नलची हेडर पॅकेजं लागतात. ती नसली की ड्रायव्हर बनत नाही आणि फारशी बोंबही होत नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ करा. नव्या कर्नलच्या आकड्यासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर कारण सापडलं. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ टाकून ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा.

दुसरं कारण सिक्युअर बूट. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारला होता आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा आला होता, आठवतंय? तो पडदा १० सेकंद थांबतो. त्यात एखादी की दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं असतं आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. चहा आणायला गेलात तर संधी गेली, आणि ड्रायव्हर जागेवर असून चालणार नाही. ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा म्हणजे पडदा पुन्हा येईल. या वेळी समोर बसा.

एनव्हिडियासाठी कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल चालवू नका. ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ मधून घ्या. तिथले ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलबरोबरच तयार होऊन, सही होऊन येतात.

१०. ‘/बूट मध्ये जागा नाही’ असं म्हणतंय आणि अपडेट अडकलंय.

डिस्क एनक्रिप्ट केलेली असली की /बूट वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असतं, जुन्या इन्स्टॉलमध्ये अर्धा-पाऊण जीबीचं. एकेक कर्नल आपल्या इनिटआरडी फायलीसकट (सुरू होताना लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात) शंभरेक एमबी सहज खातं. चार-पाच साठली की झालं.

आधी ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’. बहुतेकांचं इथेच भागतं. ॲप्टच (उबुंटूचं पॅकेजं टाकणारं-काढणारं साधन) अडून बसलं असेल तर ‘यूनेम -आर’ ने चालू कर्नल बघून घ्या, ते सोडून सगळ्यात जुन्याचं पॅकेज ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ ने काढा आणि मग ऑटोरिमूव्ह चालवा. /बूट मध्ये जाऊन ‘आरएम’ ने फायली उडवणं नको. फाइल जाते, पण ॲप्टच्या वहीत नोंद तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो त्याच गेलेल्या कर्नलपाशी अडखळतो.

११. अपडेट चालू असताना लाइट गेली.

गावाकडून येणारा हमखास प्रश्न, विशेषतः डेस्कटॉपवाल्यांचा. लाइट आली की मशीन लावा. साधं सुरू झालं तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि मग ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’. अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे पुरं होतं.

सुरू होताना ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट’ असं दिसलं तर नव्या कर्नलची इनिटआरडी फाइल बनायची राहिली आहे. प्रश्न ८ प्रमाणे जुन्या कर्नलवर या, वरच्या दोन कमांड द्या, नंतर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर भारनियमनाची वेळ बघूनच अपडेट करा. हे काही तंत्रज्ञान नव्हे, पण दर पावसाळ्यात सांगावं लागतं.

१२. मोबाइल डेटावर केलं तर किती जाईल?

एका कर्नलला दीडशे-दोनशे एमबी धरून चला. बरोबर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज आलं तर त्याहून बरंच जास्त. ॲप्ट ‘हो’ म्हणायच्या आधी आकडा दाखवतो, तो वाचा.

१३. रीस्टार्ट न करता चालू कर्नल दुरुस्त होतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. एमआयटीतल्या मंडळींनी केस्प्लाइस बनवलं, ते २०११ मध्ये ओरॅकलने घेतलं. मग रेड हॅटने केपॅच आणि सुसेने केग्राफ्ट आणलं, आणि दोघांचा समाईक पाया २०१५ मध्ये कर्नल ४.० मध्येच आला. उबुंटूची लाइव्हपॅच सेवा २०१६ पासून आहे. कल्पना अशी: चुकीचं फंक्शन मेमरीत तसंच ठेवायचं, पण त्याच्या दारातच पाटी लावायची, ‘पुढच्या घरी जा’. कॉल आला की नव्या, दुरुस्त फंक्शनकडे वळतो.

पण प्रत्येक चूक अशी दुरुस्त होत नाही. ज्या दुरुस्तीत डेटाची रचनाच बदलते ती चालत्या कर्नलला लावणं फार अवघड. शिवाय लाइव्हपॅच मुख्यतः गंभीर चुकांसाठी असतं, बाकीच्या दुरुस्त्या नव्या कर्नलमध्येच येतात. याने रीस्टार्ट रविवारपर्यंत पुढे ढकलता येतो, कायमचा टळत नाही. घरच्या लॅपटॉपला याची गरज नाही. आणि लाइव्हपॅच लावल्यावर ‘यूनेम -आर’ जुनाच आकडा दाखवतं, त्यामुळे प्रश्न ३ मधली तपासणी इथे पुरत नाही; ‘कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ बघा.

१४. माझ्याकडे १८.०४ आहे. ॲप्ट म्हणतो सगळं अद्ययावत आहे. मग ठीक ना?

ठीक नाही. ‘नवीन काही नाही’ आणि ‘नवीन काही येणारच नाही’ या दोन्हीला ॲप्ट एकाच शब्दांत उत्तर देतो. १८.०४ चा नेहमीचा आधार मे २०२३ मध्ये संपला, २०.०४ चा मे २०२५ मध्ये. २२.०४ ला २०२७ पर्यंत आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत मिळेल.

हार्डवेअर जुनं आहे म्हणून आवृत्ती बदलवत नसेल तर उबुंटू प्रो घ्या. वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत फुकट आहे आणि एलटीएस आवृत्तीचा आधार एकूण १० वर्षांवर जातो. खातं उघडावं लागतं, एवढंच. लोक ‘प्रो’ हा शब्द वाचूनच मागे फिरतात, पैसे पडतील म्हणून.

१५. अपडेटने मशीन स्लो होतं. यूट्यूबवर एकाने ‘मिटिगेशन्स=ऑफ’ करायला सांगितलंय.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्याच चुका होत्या. कर्नलने त्यांना बाहेरून वळसा घातला, आणि वळशाला वेळ लागतो. त्यामुळे जुन्या इंटेल प्रोसेसरवर, विशेषतः डिस्क आणि नेटवर्कच्या कामात, फरक पडतो हे खोटं नाही.

‘मिटिगेशन्स=ऑफ’ ने हे वळसे बंद होतात. पण ते बंद कुठे करायचं? ज्या मशीनवर परका कोड कधीच चालत नाही, तिथे. ब्राउझर असलेल्या मशीनवर प्रत्येक वेबसाइटची जावास्क्रिप्ट हा परकाच कोड असतो. तुमचा लॅपटॉप रखडतोय तो बहुधा ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कमुळे. एसएसडी टाका, फरक डोळ्यांना दिसेल.

१६. डॉकर, डब्ल्यूएसएल, व्हीपीएस: यांत कर्नल कोणाचं?

डॉकरच्या कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगवेगळे ठेवायचे डबे) स्वतःचं कर्नल नसतंच, सगळे यजमान मशीनचंच वापरतात. कंटेनरच्या आत शंभर वेळा अपडेट केलं तरी कर्नल हलत नाही, आणि एका कंटेनरमधून कर्नलची चूक वापरली गेली तर शेजारचे सगळे उघडे पडतात. यजमानाला अपडेट करा.

डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मायक्रोसॉफ्टने बांधलेलं लिनक्स कर्नल असतं. ते आतल्या ॲप्टने बदलत नाही. विंडोजमधून ‘डब्ल्यूएसएल --अपडेट’ आणि मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’.

व्हीपीएस (भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर) केव्हीएम पद्धतीचा असेल तर कर्नल तुमचं, जबाबदारीही तुमची. स्वस्तातलं ओपनव्हीझेड असेल तर कर्नल होस्टिंगवाल्याचं, आणि तुम्ही फक्त त्याला ईमेल करू शकता. ‘सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही कमांड कुठलं ते सांगते. पैसे भरायच्या आधी विचारलेलं बरं.

१७. अँड्रॉइडही लिनक्सच ना? फोनचं कर्नल मी अपडेट करू शकते का?

लिनक्सच आहे, पण स्वतः नाही करता येत. फोन कंपनी देईल तेव्हाच. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ खाली सिक्युरिटी पॅच लेव्हलची तारीख बघा. ती महिन्याच्या १ तारखेची असेल तर अँड्रॉइडच्या वरच्या थरातल्या दुरुस्त्या आल्यात. ५ तारखेची असेल तर कर्नल आणि चिपच्या ड्रायव्हरच्याही. प्ले स्टोअरमधून येणारी सिस्टम अपडेट कर्नलला हात लावत नाहीत.

गंमत म्हणजे डर्टी पाइपने जुने फोन वाचले आणि त्या वेळचे कोरे करकरीत पिक्सेल ६ आणि गॅलेक्सी एस २२ सापडले, कारण चूक नव्या कर्नलमध्येच होती.

१८. कर्नलचे इतके सीव्हीई कसे येतात? परिस्थिती बिघडत चालली आहे का?

मोजायची पद्धत बदलली. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात. त्यांची भूमिका अशी की कर्नल इतक्या खालच्या थरावर आहे की जवळजवळ कुठलीही चूक कुणीतरी सुरक्षेच्या विरुद्ध वापरू शकतो, म्हणून सरसकट क्रमांक. वर्षाला हजारोंनी येतात. त्यातले बरेच अशा ड्रायव्हरचे असतात जो तुमच्या मशीनमध्ये नाहीच.

एकेक वाचत बसू नका. खरोखर वापरात आलेल्या चुकांकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेची तशी यादी आहे, आणि आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था सूचना काढते. उदाहरणार्थ सीव्हीई-२०२४-१०८६, फायरवॉलच्या एनएफटेबल्समधली: दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि मे महिन्यात ती सीसाच्या यादीत दाखल झाली, म्हणजे तोवर तिच्यावरून हल्ले झालेले होते. ज्यांनी मधल्या चार महिन्यांत एकदा रीस्टार्ट केला त्यांना ते नाव माहीत असण्याचीही गरज नव्हती.

१९. जुलै २०२४ मध्ये जगभर निळे पडदे आले तसं लिनक्सवर होईल का?

तो प्रकार विंडोज अपडेटचा नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो. १९ जुलैला त्याला सदोष माहितीची फाइल गेली आणि तो कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. कर्नलच्या आत बाहेरचा ड्रायव्हर बसवला की लिनक्सवरही असं होऊ शकतं. तिथे जुन्या कर्नलवर जाऊनही उपयोग होईलच असं नाही, कारण तो ड्रायव्हर जुन्यातही असतोच. म्हणून बाहेरचे मॉड्यूल (कर्नलला वरून जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग) जितके कमी तितकं बरं.

२०. आर्चवर अपडेट केल्यापासून पेन ड्राइव्ह ओळखत नाही. खराब झाला का?

पेन ड्राइव्ह ठीक आहे, रीस्टार्ट करा. आर्च (लिनक्सचा आणखी एक प्रकार) नवं कर्नल टाकताना जुन्याचे मॉड्यूल काढून टाकतं. चालू कर्नल मेमरीत जुनंच असतं आणि त्याला लागणारा मॉड्यूल डिस्कवरून गेलेला असतो. जे आधीच लोड झालंय ते चालतं, नवीन काही जोडलं की हात वर. उबुंटूत असं होत नाही, प्रश्न ८ मधल्या कारणामुळे.

२१. लॅबची मशीन्स इंटरनेटला जोडलेलीच नाहीत. त्यांना अपडेट कशाला?

मुलांच्या खिशातले पेन ड्राइव्ह जोडलेले असतात ना? फाइल सिस्टीम वाचणारा कोड कर्नलचाच आहे आणि त्यातही चुका निघतात. मुद्दाम बिघडवलेला ड्राइव्ह लावला तरी पुरे.

शाळेच्या लॅबमध्ये मी ॲप्ट-ऑफलाइन वापरतो. लॅबच्या मशीनवर यादी बनवायची, ती पेन ड्राइव्हवर घरी आणायची, घरच्या नेटवर पॅकेजं उतरवायची आणि परत नेऊन टाकायची. तिथली मशीन्स एकसारखी आहेत, त्यामुळे यादी एकाचीच पुरते. परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीत, अशा वर्षातून दोन फेऱ्या तरी करतोच. शेवटी सगळी मशीन्स रीस्टार्ट करून प्रत्येकावर ‘यूनेम -आर’ बघायचं आणि आकडा दाराच्या मागच्या कागदावर लिहायचा. गेल्या वेळी १७ नंबरच्या मशीनवर जुनाच आकडा आला. होल्ड लावलेला होता, मीच.